खांबामागचे टेबल

जहाजावर पाऊल ठेवल्यापासून म्हातारा सुतार एकच गोष्ट शोधत होता. कोपऱ्यातले टेबल. समुद्र बघायची त्याला हौस नव्हती. तिकिटे लेकीने काढली होती. "आईला जरा हवापालट होईल," म्हणाली होती.

आईला, म्हणजे सुताराच्या बायकोला, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात निकामी, तोंडाची एक बाजू लोंबलेली. कवळी बसत नव्हती. घास तोंडातून परत यायचा, हनुवटीवरून ओघळायचा. लोक बघायचे आणि मान वळवायचे. म्हणून तिने खाणेच सोडत आणले होते. असेच चालले तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

जेवणाच्या दालनात ही गर्दी. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावून खुर्ची सरकवली. म्हातारीने चमचा खाली ठेवला तो ठेवलाच.

सुताराने वाढप्याला गाठले. "आम्हाला दोघांना वेगळं टेबल पाहिजे. कुणाच्या डोळ्यांसमोर नको."

"काय काका, नवीन लग्न झालंय वाटतं?" म्हाताऱ्याचा चेहरा बघून वाढप्याचे हसू विरले. "एक आहे. त्या जाड खांबामागं. पण ते कुणी घेत नाही."

"का?"

"वास येतो. आम्ही रोज पुसतो... तरी येतो."

"जन्मभर हाडांचा सरस उकळलाय मी. वासाचं मला सांगू नकोस."

टेबल जुने होते, भरीव लाकडाचे. वरची चादर जमिनीपर्यंत लोंबत होती. वास होताच. झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसला, आंबूस. सुताराने तो गिळला आणि खाली मान घालून जेवू लागला. बायकोचे जेवण होईपर्यंत मान वर करायची नाही, ही झटक्यानंतर लागलेली सवय. तिला अवघडायला नको, असे तो म्हणायचा.

मान वर केली तेव्हा तिचे ताट रिकामे होते. हनुवटी कोरडी. पदरावर शिंतोडा नाही.

रोज तेच झाले. तिच्या गालांवर रंग आला. सुतार मनात म्हणाला, बघा, माणसाला आडोसा मिळाला की माणूस जेवतो.

शेवटच्या संध्याकाळी तो खुशीत होता. आणि खुशीत त्याने सुताराची खोड केली. कुठलेही टेबल दिसले की तो खालून तळवा फिरवायचा. वरून कुणीही चकाकी आणतो, सांधा खालून कळतो. त्याने चादरीखाली हात घातला.

बोटे कशाततरी मऊ रुतली. ते कोमट होते.

हात बाहेर काढला. चावलेला बटाटा, मासा, पाव, सगळ्याचा एक लगदा. त्यातून लाळेची जाड तार लोंबत होती. लगद्यावर दातांच्या खुणा होत्या. बारीक, दाट दात. त्याच्या बायकोची कवळी खोलीत पेल्यात पडून होती.

त्याने बोटे चादरीला पुसली. "हे... तू चिकटवतेस?"

तिने नकारार्थी मान हलवली. आणि सुताराने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बायकोला जेवताना बघितले.

डाव्या हाताने तिने पावाचा तुकडा उचलला. हात चादरीखाली गेला. खालून आवाज येऊ लागला, सावकाश, ओला, मचमच... मचमच. मग हात वर आला. त्यात लगदा होता. तिने तो तोंडात घातला आणि गिळला. हनुवटी कोरडी.

"खाली... कोण आहे गं?"

"चावून देतं," ती अडखळत म्हणाली. "अहो, ते... तोंड फिरवत नाही."

त्याने तिला दंडाला धरून उठवले. खोलीत तिचा हात साबणाने धुतला, मग स्वतःची बोटे घासली. कातडी लाल झाली. वास गेला नाही.

घरी आल्यावर तिने तोंड मिटले ते मिटलेच. पेज ओठांवरून ओघळून जाई. लेकीने फोनवर सांगितले, "बाबा, उद्या नळी घालायला न्यायचंय. आज चार घास गेले, तर डॉक्टर थांबतील."

दिवस कलायला आला होता. घरचे टेबल त्याने स्वतः बनवलेले, लग्नानंतरचे पहिले काम. सुतार तिच्यासमोर बसला. पावाचा तुकडा तोंडात घातला आणि चावू लागला. गिळायचा नाही, नुसता चावायचा. स्वतःच्याच थुंकीची त्याला शिसारी आली. तरी त्याने नजर तिच्यावरून हलवली नाही.

लगदा तळहातावर काढून त्याने पुढे केला. "घे. मीही तोंड फिरवत नाही. घे बाई."

तिचे डोळे भरले. पण ओठ उघडले नाहीत. तिने नजरेने खाली दाखवले. "तिथून..."

सुताराला ते आवडले नाही. पण उद्या नळी होती. त्याने तळहात टेबलाखाली धरला.

घास उचलला गेला. तळव्यावरून ओले काहीतरी फिरले. त्याच्या जिवात जीव आला. "घेतलास ना? आता खा."

मग त्याने बघितले. तिचा लुळा उजवा हात टेबलावर होता. डावाही तिथेच, त्या हाताला लागून होता.

खाली चावणे सुरू झाले.

म्हातारीने तोंड उघडले आणि वाट बघू लागली.