शेवट तुम्ही लिहा

मोठीआईच्या घरी मी राहायला गेले ती नेटवर्कसाठी. आमच्या घरात फोन भिंतीला टेकवून धरावा लागतो. पवनी गावात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या तिच्या मागघरात, म्हणजे हातमागाच्या खोलीत, खिडकीशी बसलं की तो नीट चालतो.

दिल्लीतलं शिक्षण संपवून मी परत आले ती एक गोष्ट मनाशी पक्की करून. आपल्या भागाबद्दल आपल्याच माणसांनी लिहायचं. एका ऑनलाइन लेखन समूहाच्या भयकथा स्पर्धेत मी नाव दिलं. रोज एक भाग, दिवे लागायच्या आत टाकायचा. वाचक लगेच खाली लिहितात, मतं देतात. जिंकणाऱ्या कथेचं पुस्तक निघणार होतं. बंगल्यांतल्या आणि घाटांतल्या भुतांच्या गर्दीत एकदा आमच्या पवनीचा हातमाग वाजावा, असं मला फार वाटत होतं.

"बस ना वं तिथं. कोणी येत नाही," मोठीआई म्हणाली. मोठीआई म्हणजे जानकीबाई, माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. "पण मागाच्या खड्ड्यात पाय नको सोडू."

"काहून?"

"तुह्या मोठेबाबायचं काम बाकी हाये अजून."

तिचा मुलगा नीलेश दारातून हसला. "ताई, भुतायच्या गोष्टी लिवाले दिल्लीले गेली होती का? इथं फुकटात शिकवलं असतं आम्ही."

मोठेबाबा, म्हणजे मोठीआईचे यजमान परसराम, होळीच्या सुमारास गेले. जन्मभर विणकर. आमच्या घराण्यात विणकर गेला की मयत उठायच्या आधी मागावरचं कापड कापून उतरवतात, अर्धं असलं तरी. म्हणजे जाणाऱ्याचं मन मागे राहत नाही. पण मागावर होतं ते मोठीआईसाठीच विणायला घेतलेलं लुगडं. जांभळं, पिवळ्या काठाचं. तिनं कात्री कमरेला खोचून ठेवली आणि कुणाला दिली नाही. त्या दिवशी तिच्यावर जोर करायची कुणाची छाती झाली नाही. लुगडं तसंच राहिलं, ताण्याच्या उभ्या सुतावर, धूळ खात.

माझ्या कथेला याहून चांगलं काय हवं होतं? मी लिहिलं, एक मेलेला विणकर रोज येतो आणि बायकोचं अर्धं लुगडं पुढे विणतो. शेवटी एक ओळ जोडली: ज्या दिवशी पदर पुरा होईल, त्या दिवशी तो तिला ते नेसवून सोबत नेईल. असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. ती ओळ माझी. वाचकांना तीच सगळ्यात आवडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. पंखा थांबला आणि खोलीत एक वास जाणवला, सुताला लावतात त्या खळीचा, ओला. त्या घरात कित्येक महिन्यांत खळ शिजली नव्हती. मी मागाकडे पाहिलं. लुगडं पुढे सरकलं होतं. नव्या भागावर धूळ नव्हती.

मोठीआई बसली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माणसाला सवय सुटत नाही. तरी त्या दिवशीच्या भागात मी मुद्दाम एक खोटी गोष्ट घातली. विणकराच्या हातून चुकून एक लाल धागा आत गेला, असं लिहिलं. ही कथा घरात कुणी वाचत नव्हतं. मोठीआईला वाचताच येत नाही.

सकाळी जांभळ्या सुतात एक लाल धागा होता.

मी बोटानं तो चाचपला. तो ओलसर होता...

तेव्हाच थांबायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण खाली वाचकांची रांग लागली होती. 'पदर कधी?' 'तिला कधी नेणार?' मी लिहीत गेले, लुगडं वाढत गेलं. संध्याकाळ झाली की आतून मागाचा ठोका यायचा, सावकाश, मोठेबाबांच्या जुन्या चालीचा. मोठीआई अंगणात बसून तो ऐकायची. तिनं जेवण सोडलं. पितळी डब्यातून ठेवणीतल्या बांगड्या काढल्या. एकदा मी तिचा हात धरला तर तो हिवाळ्यातल्या लोखंडासारखा लागला.

"मोठीआई, दवाखान्यात जाऊ चल."

"कायले? आता थोडंच राहिलं."

मी नीलेशला सगळं सांगितलं. तो हसला नाही. सरळ कात्री घेऊन मागघरात गेला आणि पातं ताण्याला लावलं. स्वयंपाकघरात मोठीआई किंचाळली. आम्ही धावलो. ती जमिनीवर पडली होती, दोन्ही हातांनी पोट धरून.

"नको कापू रे... मले कापून राहिला तू..."

नीलेशच्या हातातून कात्री गळली. मागाजवळ जायचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

मग माझ्याच हातात एक उपाय होता. कथा पुरी झाली नाही तर पदरही पुरा होणार नाही. शेवटचा भाग तेवढा राहिला होता. मी तो लिहिला नाही. 'माघार घेते आहे' असं समूहाला कळवलं आणि मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवला. पुस्तक गेलं. जाऊ दे म्हटलं.

माग गप्प झाला. मोठीआई भाताची पेज प्यायली, दुसऱ्या दिवशी भाजी मागितली. हातात ऊब आली. "कोनी येऊन नाई राहिलं आता," असं म्हणून ती थोडी रडली, पण ते रडणं माणसातलं होतं. मला वाटलं, वाचवलं आपण हिला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मागघराच्या खिडकीबाहेर उभं राहून मी मोबाइल सुरू केला आणि लगेच फोन आला. समूहाची संयोजक, रेणू. पुण्याची.

"अगं मनाली, होतीस कुठे? तुझी कथा काय गाजतेय! अर्धीच सोडलीस म्हणून लोक भांडायला लागले. मग आम्ही एक कल्पना काढली."

"कसली?"

"नवी स्पर्धा. 'शेवट तुम्ही लिहा.' तुझ्या कथेचा शेवट वाचकांनी लिहायचा. दिवे लागायच्या आत आज सगळ्यांचे येणार. आत्ताच ढीग पडलाय!"

"बंद करा, रेणूताई. काढून टाका ती कथा. इथं एक बाई..."

"काढता कशी येईल? प्रसिद्ध झालेले भाग समूहाचे असतात, नियम वाचला नाहीस? आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी एकच शेवट केलाय. तो तिला नेतो!"

आत ठोका पडला.

मोठेबाबांचा नव्हता तो. त्याच्यावर दुसरा पडला, लगेच तिसरा, घाईचे, एकमेकांच्या अंगावर येणारे. मागावर एकाच माणसाला बसता येतं... मी फोन टाकून दारात गेले. विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात अंधार होता. आडवं सूत नेणारा धोटा आपोआप इकडून तिकडे जात होता. पदर सुरू झाला होता. एक वीत घट्ट, पुढची ढिली, त्यापुढची तिरपी. दर वितेला हात वेगळा.

पाठीमागे बांगड्या वाजल्या. मोठीआई उभी होती. तिची नजर माझ्यावरून आत गेली आणि खोलीभर फिरत राहिली, ओळखीचं कुणी शोधावं तशी.

"एवढे जन कोन आले वं?" ती हळूच म्हणाली. "या सगळ्यायत आमचे हे तं नाई दिसून राहिले..."

मी तिला घट्ट धरलं. तिचं अंग पुन्हा गार पडत चाललं होतं. आत ठोके चढत होते.

"मनाली... मले कोनासंगं धाडून राहिली वं तू?"