अर्धापूरच्या बिबट्याचा फोटो

"अबाबाबा! हा कोणत्या देशातला घड म्हणायचा?" सर्वेश इतका हसला, की त्याच्या हातातला रंगाचा डबा कलंडता कलंडता वाचला.

अलीझाने ब्रश खाली ठेवला. सुट्टी लागल्या लागल्या ती नांदेडहून अर्धापूरला नानांकडे आली होती आणि सकाळपासून मांडवाच्या कमानीसाठी फळा रंगवत बसली होती. मुबश्शिरा खालाचा, म्हणजे तिच्या मावशीचा, निकाह परवावर आलेला. घरामागच्या मोकळ्या जागेत मांडव पडलेला, आणि मांडवाला अगदी लागून केळीची बाग. मग फळ्यावर केळ नको? तिने चांगली डौलदार केळ काढली होती आणि तिला लटकवला होता एक पिवळाधमक घड!

"हसायला काय झालं?"

"अगं, तुझी केळी खाली बघून राहिलीत! झाडावरचं केळं वर बघतं, वर!"

"आमच्या नांदेडला सगळी खालीच बघतात," अलीझा फणकारली.

"ती गाड्यावरची! गाडेवाले फणी हुकाला टांगतेत, म्हणून," असं म्हणत भार्गवीने तिला हाताला धरून बागेच्या कडेला नेलं. भार्गवी ही सर्वेशची थोरली बहीण. दोघं शेजारच्याच घरातली. त्यांचे बाबा शाळेत शिक्षक आणि पोरं अख्खा दिवस केळीत.

आणि खरंच की! दांडा खाली लोंबत होता, टोकाला जांभळं केळफूल होतं, पण एकूण एक केळं वळून आभाळाकडे बघत होतं. वर्गात सगळ्यांनी एकदम हात वर करावेत तसं! अलीझा ओशाळली, मग खुदकन हसली आणि घड पुसून पुन्हा काढायला बसली.

तेवढ्यात नासिर मामू हातात फोन घेऊन धावत आले. "आत चला! सगळे आत! बागेत बिबट्या आलाय, बिबट्या!"

फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता. केळीच्या दोन झाडांमध्ये दबा धरून बसलेला बिबट्या, त्याचे ते जळते डोळे, आणि वर लालभडक अक्षरं, 'अर्धापुरात बिबट्याचा धुमाकूळ!' बातमी होती 'गरमागरम अर्धापूर'ची. हे चॅनल मन्मथदादा आपल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून चालवायचा.

झालं! घरात एकच गोंधळ उडाला. मांडववाले वीरभद्रअप्पा अर्धवट बांधलेला मांडव सोडून ओसरीवर आले आणि कपाळाला हात लावून बसले. "माझी शेळी कालपासून दिसंना. नेलीच म्हणा की त्यानं!" हे ऐकून आचारी म्हणाला, मागच्या अंगणात मी चूल पेटवणार नाही. आणि मग लातूरहून फोन आला. नवरदेवाचे वडील, अकरमचाचा. मामूंनी फोन स्पीकरवर टाकला.

"नासिरभाई, बुरा मानू नका. वऱ्हाडात लेकरंबाळं हायेत. इथं लातूरला हॉल मिळून राहिलाय. निकाह इकडंच करू. मी उद्या सकाळी येतो, बसून ठरवू."

सगळ्यांनी नानांकडे बघितलं. नाना पलंगावर होते. मागच्या महिन्यात न्हाणीत पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. आता मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर! डॉक्टरांनी बजावलं होतं, गाडीचा प्रवास अजिबात नाही. म्हणजे निकाह लातूरला झाला, तर मुलीचा बापच त्याला नसणार!

"बरोबर हाय त्यांचं," नाना हसून म्हणाले. "लेकरांचा जीव मोठा. मी फोनवर बघीन." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

स्वयंपाकघरात खाला ओढणीत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती. "अब्बा नसतील तर मला निकाहच नको!" अलीझाला त्या बिबट्याचा असा राग आला, की समोर असता तर तिने त्याचे कानच पिळले असते.

तिघं माडीवर जाऊन बसली. अलीझाने खालाचा फोन घेतला आणि त्यातल्या, सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या एआय मदतनिसाला फोटो दाखवून विचारलं, हा खरा आहे का? क्षणात गुळगुळीत मराठीत उत्तर आलं, "हो, हा खरा फोटो वाटतो. कृपया घराबाहेर पडू नका."

"घ्या! याचीबी टरकली!" सर्वेश म्हणाला.

पण अलीझाला चैन पडेना. ती फोटो मोठा करून करून बघत राहिली. बिबट्याचे डोळे, मिश्या, पंजे... आणि एकदम ती ओरडली, "अरे! बिबट्याला मारा गोळी, त्याच्या डोक्यावरचा घड बघा!"

घड पिवळाधमक होता. आणि एकूण एक केळं खाली बघत होतं!

"तू काढला होतास तस्साच!" सर्वेश उडालाच.

"मी झाड नीट न बघता काढला, म्हणून चुकला," अलीझा भराभर बोलू लागली. "पण फोटोत कसं चुकेल? फोटोत समोर असतं तेच येतं ना?"

"मग हा काढलेला फोटोच न्हाई," भार्गवीने चुटकी वाजवली. "हा बनवलाय! एआयला सांगून बनवलाय!"

तिघं धडाधड जिना उतरली. पण मामू ऐकतील तर शपथ! "इथं बिबट्या डोक्यावर बसलाय आणि तुम्ही केळी बघून राहिले? चला, पळा!"

नानांनी मात्र चष्मा चढवला. सारा जन्म त्यांनी केळीचा व्यापार केलेला. त्यांनी फोटो एकदा बघितला, पुन्हा बघितला आणि गालातल्या गालात हसले. "शाब्बास बेटा! मी बघितला तर बिबट्याच बघितला, घड न्हाई बघितला." मग ते गंभीर झाले. "पण अकरमभाई कापडाचे व्यापारी. घडाचं त्यांना काय कळणार? म्हणतील, पोरीजवळ राहता यावं म्हणून म्हातारा काहीही सांगतो. पक्कं काहीतरी पाहिजे."

"पक्कं आणतो!" अलीझा म्हणाली. मग चौघांची डोकी एकत्र आली आणि बराच वेळ कुजबुज चालली. मध्येच नाना इतक्या मोठ्याने हसले, की मामू दारातून डोकावून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरमचाचा येऊन नानांच्या पलंगाशेजारी बसले. इकडे पोरं बाजाराच्या रस्त्याने निघाली. मामूंनी बंदी घातली होती ती बागेकडे जायला, बाजाराला थोडीच! सर्वेशच्या शर्टाच्या खिशात खालाचा फोन होता, त्याचा कॅमेरा खिशातून बाहेर डोकावत होता, आणि व्हिडिओ कॉलच्या दुसऱ्या टोकाला होते नाना.

"मन्मथदादा, तुमचं चॅनल लई जोरात चालून राहिलंय!" भार्गवीने सुरुवात केली.

"हाव!" मन्मथदादा खुर्चीत फुलून बसला. "इतकी माणसं आजवर कधी बघायला आली न्हाईत!"

"पण दादा, समजा, समजा हं, उद्या बागेत हत्ती आला आणि कोणाकडे फोटोच नसला तर? बिनफोटोची बातमी कोण बघणार?"

"हात्तिच्या! फोटोचं काय घेऊन बसलीस!" त्याने फोन तोंडाजवळ नेला. "केळीच्या बागेत हत्ती, अर्धापूर, डोळे लाल." जरा वेळाने पडद्यावर हत्ती हजर! सोंडेत घड, आणि घडातली केळी... खाली बघणारी!

अलीझाने अगदी भोळा चेहरा केला. "मग बिबट्यापण असाच केला का, दादा?"

"मग काय! बिबट्या काय दुकानात येऊन फोटो काढून घेतो का?"

"मन्मथ बेटा!" सर्वेशच्या खिशातून नानांचा आवाज आला. "त्या हत्तीवर अंबारीबी काढ बरं का! लातूरचं वऱ्हाड त्यातच बसून येईल!"

मन्मथदादा ताडकन उठला. खुर्ची एकीकडे, तो दुसरीकडे! "ना... नाना?" त्याची बोबडीच वळली. "बागेत काहीतरी सळसळून राहिलंय असं कोणी सांगितलं, म्हणून नमुन्याला चित्र टाकलं मी! खाली 'काल्पनिक चित्र' असं बारीक लिहिलंबी होतं. लोकांनी खालचा भाग कापून पुढं ढकललं!"

"बारीक म्हणजे केवढं? मुंगीनं वाचावं एवढं?" भार्गवीने विचारलं.

अलीझाला मात्र हसू आलं नाही. तिचे डोळे भरून आले. "तुमच्या त्या चित्रापायी माझे नाना खालाच्या निकाहला मुकले असते, दादा!"

मन्मथदादाची मान खाली गेली. दुकानाचं शटर ओढून तो त्यांच्याबरोबर निघाला.

घरी अकरमचाचा पोट धरून हसत होते. पण हसता हसता थांबले. "ते सगळं खरं. पण बागेत सळसळत होतं ते काय? अन् शेळी कुठं गेली?"

बाप रे! हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मामू काठी घेऊन बागेच्या कडेपर्यंत गेले आणि तिथेच थबकले. आत कुठेतरी वाळलेली पानं खरंच सळसळली!

मामूंच्या मागे उभी असलेली अलीझाही घाबरली. चित्र खोटं होतं, पण आत खराच कोणी असला तर? आणि आता माघार घेतली, तर नानांचं काय? तिने सर्वेशचा एक हात धरला, भार्गवीचा एक हात धरला आणि पाय उचलला. "अगं ए, थांब!" असं ओरडत मामू त्यांच्या मागे धावले. सळसळ जवळ आली. पानं हलली. आणि...

"बॅऽऽ!"

वीरभद्रअप्पांची शेळी! तोंडात केळीचं कोवळं पान आणि दोन दिवस फुकट चरून पोटाचा नगारा!

"माझी लक्ष्मी गं!" म्हणत अप्पांनी तिच्या गळ्यात मिठी मारली, तेव्हा मामूंनी काठी हळूच पाठीमागे लपवली.

मन्मथदादाने तिथूनच, शेळीला शेजारी उभं करून, आपल्या चॅनलवर सगळ्या गावाची माफी मागितली. वर झाडावरचा खरा घड दाखवून केळी कशी वर बघतात हेसुद्धा सांगितलं. त्या दिवशी त्याला बिबट्यापेक्षा जास्त माणसांनी बघितलं म्हणे! संध्याकाळपर्यंत मांडव पुरा झाला आणि आचाऱ्याने चुली मांडल्या.

दुसऱ्या दिवशी लातूरचं वऱ्हाड वाजतगाजत अर्धापुरात आलं. नासिर मामू आणि मन्मथदादा यांनी नानांना खुर्चीसकट उचलून खालाच्या खोलीत नेलं. साक्षीदार बाजूला उभे राहिले. मुलीला विचारायचा मान बापाचा होता.

"बेटी मुबश्शिरा," नाना म्हणाले, "लातूरच्या यासेरशी तुझा निकाह ठरलाय. कबूल हाय?"

खालाने आधी वडिलांचा हात घट्ट धरला आणि मग म्हणाली, "कबूल."

अकरमचाचांनी सगळ्यांदेखत तिन्ही पोरांना पुढे बोलावलं. "आम्ही मोठी माणसं फोटो बघून घाबरलो अन् न बघताच पुढं पाठवत सुटलो. या लेकरांनी नीट बघितलं. अन् ही पोरगी तर बागेत आमच्या पुढं गेली! लातूरला आल्याशिवाय तुम्हाला सोडणार न्हाई मी. मुक्कामाला यायचं, तिघांनीबी!"

नानांनी अलीझाला जवळ ओढलं. प्लास्टरच्या पायाला धक्का लागणार नाही अशा बेताने ती त्यांच्या खुर्चीला टेकली.

"आज मी इथं हाय ना बेटा, ते तुझ्यामुळं," नाना तिच्या कानात म्हणाले.

अलीझाला काहीतरी छान बोलायचं होतं. पण तिने नानांच्या गळ्यात हात टाकले आणि ती मनसोक्त हसली.