कोरी फेरी

कान तपासायला येणाऱ्या माणसांचे मी तीन प्रकार पाडले आहेत. पहिल्या प्रकारातले आवाज आला की बटण दाबतात. असे फार थोडे. दुसरे आवाज आता आलाच असेल अशा अंदाजाने दाबतात. तिसरे मला बरं वाटावं म्हणून दाबतात. काचेच्या अलीकडे बसलेल्या अनोळखी माणसाचं मन मोडू नये म्हणून ऐकू आल्याचं नाटक करणारे सज्जन लोक मी बत्तीस वर्षं बघतो आहे.

त्यांना पकडायची युक्ती सोपी आहे. मध्येच एखादी फेरी कोरी सोडायची. सूर सोडायचाच नाही, नुसतं थांबायचं. कोऱ्या फेरीत ज्याचं बटण वाजलं, त्याचा सगळा कागद संशयास्पद. रागवायचं नाही. "छान, आता पुन्हा एकदा करू," म्हणायचं.

बटणं येण्याआधी हात वर करायची पद्धत होती. उजव्या कानाला ऐकू आलं तर उजवा हात, डाव्याला आलं तर डावा. दोन्हीकडे सारखंच आलं तर दोन्ही. दोन्ही हात वर करणाऱ्याला आवाज कुठून आला असं विचारलं, की तो कपाळावर बोट टेकवायचा. इथून. आतून.

बायकोला हे सगळं पाठ आहे, आणि दोनेक वर्षांपासून तिने घरात त्याची थट्टा चालवली आहे. मी दारातून काही विचारलं की ती तोंडाने उत्तर देत नाही, पेशंटसारखा हात वर करते. गॅस बंद केलास का? हात. विजेचं बिल आलं का? हात. एकदा मेहुण्यासमोरही केलं. तो म्हणाला, "भाऊजी, ताईला पुन्हा पहिलीत घातलंत की काय?" आम्ही तिघंही हसलो. त्यात सर्वांत मोठ्याने मी.

मला गाण्यांचा नाद आहे. आयुष्यभर जमवलेल्या सीड्या आठ वर्षांपूर्वी मी एका काळ्या डब्यात उतरवून घेतल्या. त्याला म्युझिक सर्व्हर म्हणतात. कपाटभर गाणी पोटात ठेवणारी शहाणी वस्तू, आकाराने मात्र वहीएवढी. डबा आठ वर्षं बिनतक्रार चालला. अशी वस्तू घरात असली की माणसाला अस्वस्थ वाटतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला अशा यंत्रांचं दुकान आहे. दुकानदाराला सगळे कानसेन म्हणतात. निवृत्तीला टेकलेल्या पुरुषांना शेवटचं खेळणं विकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याच्याकडे नवा सर्व्हर आला होता. याने नेमका फरक काय पडेल, असं मी विचारलं.

"आवाज तोच राहील," तो म्हणाला. "शांतता बदलेल. दोन सुरांच्या मधली. तुमच्या जुन्यात ती करडी आहे. यात काळी आहे."

शांततेला रंग लावून विकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण एक गोष्ट मी टिपून ठेवली. त्याने आग्रह केला नाही. पंधरा दिवस घरी न्या, नाही पटलं तर परत आणा, एवढंच बोलला. खोक्यावर चिकटपट्टीचे चार थर होते, एकावर एक. चार घरं फिरून आलाय वाटतं, असं मी चेष्टेने म्हणालो. तो म्हणाला, पसंती ज्याची त्याची. आणि फडकं घेऊन दुसऱ्याच कपाटाची धूळ झटकायला गेला.

आता खरं सांगायला हवं. मला डबा तपासायचा नव्हता.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी यंत्राची तपासणी करावी लागते. हेडफोन आपणच घालायचे, एकेक सूर ऐकायचा, तक्त्यावर टिक करायची. गेलं दीड वर्ष वरचे दोन सूर मला ऐकू येत नाहीत. मी काटा हललेला बघतो आणि टिक करतो. वरची पट्टी गेली की गाणं राहतं, बोलणंही बरंचसं राहतं; जातं ते बारीक. कापडाची सळसळ, 'स' आणि 'फ'. कुजबुज तर सगळ्यात आधी, कारण तिच्यात दुसरं काही नसतंच, नुसता वारा. दोन महिन्यांपूर्वी उजव्या हेडफोनातला वरचा सूर मेला होता. मी आठ दिवस टिक करत राहिलो. एकोणीस माणसांचे कागद चुकले. शेजारच्या खोलीत मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं. दोष वायरीवर गेला. मी वायरीला दोन शब्द बोललोसुद्धा. त्यानंतर आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून कर्मचाऱ्यांचेही कान तपासले जातील.

निवृत्तीला तीन वर्षं होती. मी स्वतःशी ठरवलं: न बघता जुना डबा कुठला आणि नवा कुठला हे ओळखता आलं, तर कान अजून कामाचे आहेत, रेटू. नाही आलं, तर सोमवारी स्वतःच जाऊन सांगू. बायकोला एवढंच म्हणालो, की पैसे फुकट जाणार नाहीत ना ते बघू. तिने हात वर केला.

शनिवारी दुपारी आम्ही बसलो. घड्याळाची टिकटिक नको म्हणून भिंतीवरचं घड्याळ काढून आतल्या खोलीत नेलं. मी खुर्चीत, तोंड स्पीकरकडे. बायको माझ्या पाठीमागे स्टुलावर, दोन्ही डब्यांचा खटका तिच्या हाताशी. चोवीस फेऱ्या, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. आठ जुन्याच्या, आठ नव्याच्या, आणि आठ कोऱ्या; म्हणजे नवा डबा चालू, पण गाणं नाही. कोऱ्या मीच घातल्या होत्या. चोराला चोराच्या वाटा ठाऊक असतात.

तास गेला. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर दोघांचे कागद शेजारी ठेवले.

गाण्याच्या सोळा फेऱ्यांत माझी आठ उत्तरं बरोबर होती. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. मी कागदाकडे बघत बसलो. बायकोने मात्र बोट दुसऱ्याच ठिकाणी ठेवलं. आठही कोऱ्या फेऱ्यांसमोर मी एकच शब्द लिहिला होता. टक.

"हे टक काय आहे?"

"तुझा खटका."

"कोरी फेरी एकदा सुरू झाली की मी खटक्याला हात लावत नव्हते. हात मांडीवर होते माझे."

आम्ही परत त्या खोलीत गेलो. नवा डबा चालू केला, गाणं लावलं नाही. थोडा वेळ काही झालं नाही, आणि ती शांतता, कानसेनाचा शब्द उसना घ्यायचा तर, खरोखर काळी होती. मग बायकोने कप बशीत ठेवला. अर्ध्या सेकंदाने स्पीकरमधून आवाज आला. टक.

तो आवाज मी कुठेही ओळखीन. स्वस्त प्लॅस्टिकचं बटण, अंगठ्याने दाबलेलं. बत्तीस वर्षं काचेपलीकडून तो माझ्याकडे येतो आहे.

तिने स्टूल सरकवलं. टक. मी घसा खाकरला. टक. आम्ही गप्प बसलो, तर तेही गप्प.

शहाण्या माणसाने तिथेच वायर ओढली असती. पण समोर पेशंट बसला की माझे हात आपोआप चालतात. मी किल्ल्यांचा जुडगा घेतला, आधी जवळून वाजवला, मग लांबून. आवाज कमी करत नेला, टक कुठे तुटलं की आवाज थोडा वाढवायचा, पुन्हा कमी. तुटलंच नाही. सदऱ्याच्या बाहीवर नख ओढलं, जे मला स्वतःला ऐकू आलं नाही. टक. शेवटी बायकोला स्वयंपाकघरात पाठवलं, दोन्ही दारं लावायला सांगितली, आणि तिच्या मनाला येईल तेव्हा अंगठा बोटावर घासून वेळ लिहायला सांगितलं. तिने सहा वेळा घासला. माझ्या कागदावर सहा टक होते, त्याच मिनिटांना.

मध्ये मध्ये मी कोऱ्या फेऱ्या सोडत होतो. एकूण अकरा. त्याने एकदाही उगाच दाबलं नाही.

पहिल्या प्रकारातला. इतका प्रामाणिक पेशंट मी आजवर पाहिला नव्हता, आणि मला, सांगायला लाज वाटते, जरा आदरच वाटला. बायकोला तसं काही वाटलं नाही. ती कागद हातात घेऊन दारातच उभी होती.

"तुम्हाला वाटतंय आपण त्याला तपासतोय," ती म्हणाली.

त्या रात्री डबा बंद ठेवला. रविवारी दुपारी पुन्हा चालू केला, कशासाठी ते मला सांगता येणार नाही. कदाचित एका तरी साक्षीदारासमोर बोलावं असं वाटलं असेल. बायको इस्त्रीचे कपडे घडी करत होती.

मी म्हणालो, हा डबा आपल्या कामाचा नाही. कुठलाच नवा डबा माझ्या कामाचा नाही. माझ्या कानांतले वरचे सूर गेलेत.

टक.

"माहीत आहे," ती म्हणाली.

टक.

"कधीपासून?"

टक.

"दोन वर्षं झाली. हात काय मी गंमत म्हणून वर करते? माझं अर्धं बोलणं तुमच्यापर्यंत येत नाही. लोकांसमोर दोनदा विचारावं लागायला नको तुम्हाला, म्हणून." तिने उशीचा अभ्रा चौकोनी घडी करून ढिगावर ठेवला. "उद्या जाऊन सांगा डॉक्टरीणबाईंना. मीही येते हवं तर."

मी फार दमलो होतो. दीड वर्ष रोज सकाळी खोटी टिक करायला जेवढी ताकद लागते तेवढी दगड फोडायलाही लागत नसेल. आता ती ताकद एकदम संपली. मी हो म्हणालो. एकोणीस कागदांबद्दलही सांगेन म्हणालो. आधी ही ब्याद कानसेनाच्या पदरात घालू. चिकटपट्टी आण, पाचवा थर आपला.

ती पट्टी घेऊन आली आणि खोलीच्या मध्ये उभी राहिली, उजवीकडे दार, डावीकडे मी. मी भिंतीशी गुडघे टेकून प्लग शोधत होतो.

टक.

कुणी बोललं नव्हतं. मी हललो नव्हतो. मान वळवून बघितलं, तीही हलली नव्हती.

टक.

मी श्वास धरला. घड्याळ अजून आतल्या खोलीतच होतं. नळ बंद होता. रस्त्यावर काही नव्हतं, किंवा मला तरी काही ऐकू येत नव्हतं.

टक. टक.

मग थोडं थांबून, बोलणारा माणूस शब्दांच्या मध्ये थांबतो तसं, पुन्हा दोन.

मला माझ्या अकरा कोऱ्या फेऱ्या आठवल्या. हा उगाच दाबत नाही.

मी प्लग ओढला. डब्यावरचा दिवा विझला. टक थांबलं. कपाळावरचा घाम पुसत मी उठलो आणि बायकोकडे वळलो. संपलं एकदाचं, असं काहीतरी म्हणणार होतो.

तिने उजवा हात वर केला होता.

मी ती हसायची वाट बघितली. ती माझ्याकडे बघत नव्हती. हात सावकाश खाली आला.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

तिचा डावा हात वर गेला. माझ्या बाजूचा.

मी कान देऊन ऐकलं. मला माझा श्वास ऐकू आला, आणि पलीकडे काही नाही; कुजबुज असती तरी ती मला येणार नव्हती.

तो हातही खाली आला. तिने चिकटपट्टी टेबलावर ठेवली, जराही आवाज होऊ न देता. मग तिने पेशंटसारखे दोन्ही हात वर केले.