लोणकरांचं बोटभर तेल

गाडीला श्वास घेणं सोपं जावं म्हणून आबांनी नवा एअर फिल्टर (हवा गाळणारी जाळी) बसवला, आणि त्याच दिवसापासून गाडीला दम लागू लागला.

२०६१ सालच्या कोल्हापुरात पेट्रोलची गाडी बाळगणं म्हणजे दारात हत्ती बाळगण्यासारखं होतं. तीस वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला पन्हाळ्याचा चढ नऊ मिनिटांत चढून दाखवावा लागे. नाही जमलं तर ती वितळवून तिची बागेतली बाकडी करत. आबांच्या गाडीची चाचणी उद्या सकाळी दहाला होती, आणि आजच्या सरावात ती अर्ध्या चढावर खोकून थांबली होती.

"उद्या तिच्यावर बसून लोक चणे खातील," आबा म्हणाले. "तुझ्या आईला जन्मल्यावर याच गाडीतून घरी आणलंय, शाल्मली."

अकरा वर्षांची शाल्मली गाडीपाशी गेली. तिने बॉनेट उघडलं. मागे लोणकर हात जोडून उभे राहिले. लोणकर यंत्रमानव होते. सांगलीकडच्या एका लोणच्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते आबांकडे आले होते. वागणं इतकं पोक्त, की त्यांना एकेरी हाक मारायची कोणाची छाती नव्हती.

"हवेच्या वाटेने जाऊ," आबा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर वारा मोजायची यंत्रं बनवली होती. "पेट्रोल जळायला हवा लागते. ही हवा इंजिनात कोंबतो टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा आत ढकलतं. मिनिटाला लाखभर फेरे! त्यात धूळ गेली की पाती झिजली. म्हणून दारातच फिल्टर."

"आणि फिल्टरला तेल कशाला?"

"ही सुती जाळी आहे. हिची भोकं धुळीच्या कणांहून मोठी, त्यामुळे हवा मोकळी येते. हवा धाग्याला वळसा घालून जाते. कण जड, त्याला वळणं जमत नाही. तो धाग्यावर आपटतो."

"भरधाव सायकलवाला वळणावर कुंपणात घुसतो तसा?"

"तसाच. फक्त कुंपणाला चिकट तेल लावलेलं. घुसला तो अडकला."

मग आबांनी फिल्टरच्या पुढच्या नळीतला सेन्सर (आत येणारी हवा मोजणारं यंत्र) दाखवला. "यात केसाएवढी तापलेली तार असते. हवा तिला गार करते. जितकी जास्त हवा, तितकी जास्त वीज तिला गरम ठेवायला लागते. त्या विजेवरून संगणक हवेचा अंदाज घेतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो."

नळीची पट्टी घट्ट होती. कुठे फट नव्हती. आबांनी बॉनेट बंद केलं आणि बागेतल्या बाकड्यांविषयी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

दुपारी ताटात तांबडा रस्सा होता. शाल्मलीने चार वेळा फुंकर मारली, तरी जीभ भाजलीच.

"वरचा तवंग बाजूला कर," आबा म्हणाले. "तेलाने झाकलंय ते. तू कितीही फुंकलंस तरी रश्शाला पत्ता लागत नाही."

शाल्मलीचा चमचा हवेतच थांबला.

"आबा, त्या तारेवर तवंग आला असेल तर?"

आबांनी घास खाली ठेवला. "तर हवा भरपूर येईल आणि तार म्हणेल, छे, झुळूक आहे. पेट्रोल कमी सुटेल. गाडी खोकेल. आणि तारेवर तेल उडून येणार ते फिल्टरवरूनच." ते सावकाश वळले. "लोणकर, फिल्टरला तेल किती लावलंत?"

"नियमाप्रमाणे. फोडींच्या वर एक बोट."

"फोडी?"

"फोडी आढळल्या नाहीत. म्हणून जाळी बुडवून ठेवली. सोबतची बाटली पुरली नाही. पुढे शेंगदाण्याचे वापरले."

आबांनी आयुष्यभर मोजमापाचंच काम केलं होतं. "तेल लावा" म्हणताना "किती" हे सांगायला मात्र ते विसरले होते. त्यामुळे त्यांना कोणावर ओरडावं ते कळेना.

दुपार कामात गेली. सेन्सरवर तो धुण्यासाठीच मिळणारा फवारा मारला, जो लगेच उडून जातो. तारेला बोट लावलं नाही. फिल्टर त्याच्या खास साबणाने धुतला. पाणी आतून बाहेर सोडलं, नाहीतर धूळ आणखी आत गेली असती. मग तो सावलीत वाळवला. सहा वाजता शाल्मलीने नवी बाटली घेतली आणि प्रत्येक घडीवर तेलाची एकच बारीक रेघ ओढली. वीस मिनिटांत लाल रंग सगळीकडे सारखा पसरला. दोन जागा फिकट राहिल्या, तिथे एकेक थेंब.

"अपुरे आहे," लोणकर म्हणाले. "खराब होईल."

"लोणच्यात तेल हवा अडवतं, लोणकर. इथे हवा यायला हवी, फक्त धूळ अडायला हवी."

लोणकरांनी बाटलीवरची सूचना वाचली आणि तिला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी गाडीने चढ आठ मिनिटं बावन्न सेकंदांत काढला. आबांनी तपासनिसाला विनाकारण दोनदा नमस्कार केला.

आठवड्याने कैऱ्या आल्या. फोडी, मीठ, मसाला बरणीत गेला. लोणकर तेलाचं पातेलं घेऊन आले आणि थबकले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच थबकले होते.

"प्रश्न आहे. इथे तेल हवा येऊ देण्यासाठी, की अडवण्यासाठी?"

"अडवायला. हवा लागली की बुरशी येते," शाल्मली म्हणाली.

"मग बोटभर." त्यांनी तेल ओतलं. पातेलं खाली ठेवलं. "आणि मीठ कशासाठी?"

आबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "संपलं! आता यांना कोणताही कारखाना परत घेणार नाही."

शाल्मलीने स्टूल ओढलं, लोणकरांना बसायला सांगितलं, आणि मिठापासून सुरुवात केली.