दहाव्याची चौथी फाईल

बसा रे. पाण्याच्या मोटारीला लाईट बारा वाजता यायची, आता कुठं साडेदहा होतायत. कांद्याचं भरणं काय पळून चाललं नाही, तवर एक सांगतो. आणि आदेश, तू दात काढू नको. भुतंखेतं मीही मानत नव्हतो. एकतीस वर्षं वायरमन होतो, खांबावर चढून म्हातारा झालो. लाईट कुठनं येते आणि कुठं जाते हे मला शिकवायला कुणी येऊ नये. म्हणूनच ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

गोष्ट अश्विनीची. माझ्या चुलतभावाची मुलगी, अवसरी बुद्रुकची. शूटिंगचा धंदा करते. लग्न, जावळ, बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट, दहावा, काय म्हणाल ते. पोरगी लई खमकी. घाटात गाडा अंगावर आला तरी कॅमेरा खाली न ठेवणारी.

साल दोन हजार चोवीस. डिसेंबरची चोवीस तारीख, मंगळवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, साधी नवमी होती. संध्याकाळी पाचला अश्विनी स्कुटीवर बोरी बुद्रुकला निघाली. पाठीवर लॅपटॉप, डिकीत वायरींचा गुंता आणि तळहाताएवढा एक काळा डबा. हा डबा कॅमेऱ्याला जोडतात, त्याच्या आत हार्ड डिस्क असते. कॅमेरा जे बघतो ते ह्या डब्यात साठतं. अंधार पडायच्या आत पोचायचं होतं, कारण त्या बाजूच्या उसात बिबट्या आहे आणि तो काही तिथी बघून बाहेर पडत नाही.

काम काय होतं ते सांगतो. बोरीत प्रयागबाई म्हणून एक म्हातारी महिन्यापूर्वी वारली. तिचा मुलगा सावळाराम, गावातला मोठा माणूस. त्याच्या शब्दापुढं कुणी जात नाही. आणि मुलगी रत्ना, नवऱ्यानं टाकलेली. नऊ वर्षं मळ्यातल्या घरात राहून तिनं आईचं सगळं अंथरुणात केलं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. एकेक जण पुढं होऊन म्हातारीला शब्द देत होता. नातवाचं लग्न करू, जेजुरीला जाऊन येऊ. कावळा आपला झाडावर. शेवटी सावळारामानं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "आई, रत्ना मळ्यातल्या घरातच राहील. मी तिला उठवणार न्हाई." तसा कावळा खाली उतरला. पन्नास माणसांनी हे ऐकलं.

आणि महिन्याच्या आत सावळाराम फिरला. "मी असं बोललोच न्हाई. घर मोकळं कर." पन्नास जणांच्या तोंडाला कुलूप. रत्नानं सगळ्यांचे उंबरे झिजवले तेव्हा भावकी एवढंच म्हणाली, बुधवारी सकाळी आठला मळ्यात बसू, पुरावा असंल तर दाखव, नसंल तर भांडी उचल.

पुरावा असलाच तर त्या डब्यात. दहाव्याचं शूटिंग अश्विनीनं केलं होतं. सावळारामानंच सांगितलं होतं, परगावच्या पाहुण्यांना दाखवायला. पण त्या दिवसापासनं डबा धड चालूच होईना.

"तू मळ्यातच ये बाई," रत्ना फोनवर म्हणाली होती. "मी रातभर बाहेर राहिले तर दादा कुलूप लावंल. आत माणूस हाये तवर त्याला लावता येत न्हाई."

दोन खोल्यांचं घर, भोवती ऊस. अश्विनीनं चहा घेतला, टेबलावर पसारा मांडला आणि आठच्या सुमाराला मला फोन केला.

"काका, जोडला की दिवा लागतो, दोनदा टिकटिक करतो आणि बंद पडतो."

मी म्हटलं, "अगं, उपाशी माणसागत करतोय तो. आधी वायर बदल, आखूड लाव. तरी नाही झालं तर लॅपटॉपच्या एका भोकातनं त्याला पोटभर करंट मिळत नसणार. दोन तोंडांची वायर आहे का? एक तोंड लॅपटॉपला दे, दुसरं पॉवर बँकेला."

"आहे. बघते," म्हणाली.

नऊला अंगणात मोटारसायकल थांबली. सावळाराम. आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"काय पोरी, लई लांबनं आलीस. डबा बिघडलाय म्हणं तुजा?"

"बिघडलाय. पण दुरुस्त होईल, अण्णा."

"राहू दे की. जुनं झालं ते. आमी तर व्हिडिओ मागितला बी न्हाई." मग हसून म्हणाला, "ह्या घरात रातचं झोपू नका. आईचा जीव हितं घुटमळतोय. मागल्या आठवड्यात गड्यानं खोकला ऐकला तिचा. उगा दोघी बायका..."

"घुटमळू द्या," अश्विनी म्हणाली. "तिचंच घर आहे. तिला विचारून बसलोय आम्ही."

सावळारामाचं हसू गेलं. गाडी सुरू करून गेला. रत्ना मात्र पांढरी पडली होती. तिला ठाऊक होतं की गड्यानं खोटं सांगितलेलं नाही. तिनं स्वतःही ऐकला होता.

अश्विनीनं एकामागनं एक करून बघितलं. वायर बदलली, टिकटिक. दुसरं भोक, टिकटिक. दोन तोंडांची वायर लावली तेव्हा डिस्क फिरली, मिनिटभर चालली आणि बसली. पॉवर बँक अर्धीच भरलेली होती. ती चार्जिंगला लावली, पंखा-टीव्ही सगळं बंद करून व्होल्टेज वाढतंय का बघितलं. मळ्यातलं व्होल्टेज, तुम्हाला काय सांगायचं. बल्ब पिवळा पडतो आणि माणसानं समजून घ्यायचं. पण पोरीनं हार मानली नाही. अकराला दहा मिनिटं कमी असताना डिस्क सरळ फिरायला लागली आणि स्क्रीनवर फायली उमटल्या.

तीन फायली. पहिलीत माणसं नदीवर जमतायत. दुसरीत महाराजांचं प्रवचन. तिसरी सुरू होते तेव्हा कावळा पिंडावर बसलेला आहे, आणि तिथनं पुढं.

अश्विनीनं तिन्ही पुन्हा बघितल्या. मग डिस्कचा कानाकोपरा शोधला, पुसलेलं काही परत येतंय का ते बघितलं. पुसलेलं काही नव्हतंच.

"म्हंजी?" रत्नानं विचारलं.

अश्विनी मान खाली घालून बसली. मग म्हणाली, "मावशी, चूक माझी आहे. दहाव्याला कावळ्याची वाट बघताना मी डबा बंद ठेवते. तास-तास जातो, बॅटरी संपते. आमच्यातले सगळेच तसं करतात. कावळा उतरला की चालू करायचा. मला वाटलं, त्या दिवशी बंद करायला विसरले असेन. नव्हते विसरले."

रत्ना पदर तोंडाला लावून रडायला लागली, आवाज न करता.

अश्विनीचा जीव तुटला. "मी उद्या उभी राहते. सांगते, मी ऐकलंय."

"पन्नास जणांनी ऐकलंय बाई."

अकरा चाळीसला लाईट गेली.

नुसती घरातली नाही, सगळ्या शिवाराची. त्या व्होल्टेजवर काहीच नीट भरलं नव्हतं; लॅपटॉपला सात टक्के. पॉवर बँक तेवढ्यात संपली. डिस्क घरघरत थांबली. अश्विनीनं वायर सगळीकडनं उपसून काढली, लॅपटॉप मिटला. म्हणाली, "उरलंय ते सकाळसाठी ठेवू."

दोघी अंधारात बसल्या. बाहेर ऊस सळसळत होता. मग तोही थांबला.

आतल्या खोलीत कुणी तरी खोकलं.

म्हाताऱ्या माणसाचा खोकला. घशात अडकलेला... दोनदा. मग खाटेची दोरी करकरली.

रत्नानं अश्विनीचं मनगट धरलं. "आई," एवढंच म्हणाली. आणि उठली. "चल. बाहीर चल. आत्ता."

 अश्विनीनं मला स्वतः सांगितलंय, काका, मी भ्याले नाही असं म्हणणार नाही. पण तिनं रत्नाला खाली ओढून बसवलं.

"कुठं जायचं? बाहेर पडलो की सकाळी दाराला कुलूप. अण्णाला हेच पाहिजे. मी नाही उठणार. तुम्हीही उठायचं नाही."

मग आतल्या खोलीकडं तोंड करून बोलली. आवाज मोठा होता.

"आजी, तुम्ही असाल तर असा. आम्ही काही चोरून आलो नाही. तुमच्या रत्नासाठी बसलोय. मदत करायची तर करा, नाहीतर निजा. पण आम्हाला हुसकायचं नाही. सांगून ठेवते."

शांत.

खोकला नाही. करकर नाही.

काहीच नाही...

आणि टेबलावर डिस्क फिरायला लागली.

वायर अश्विनीच्या मांडीवर होती. दोन्ही तोंडं मोकळी, तिसरं टोकही मोकळं. तिनं चाचपून बघितलं. डब्याला काहीच जोडलेलं नव्हतं. तरी डिस्क फिरत होती. टिकटिक नाही, अडखळणं नाही. सरळ.

मग डब्यावरचा लाल दिवा लागला.

हिरवा म्हणजे नुसता चालू. लाल म्हणजे काही तरी आत साठतंय. लाल दिवा उघडझाप करत होता. त्या उजेडात रत्नाचा चेहरा दिसायचा... जायचा. दिसायचा... जायचा.

अश्विनीनं घड्याळ बघितलं. अकरा बावन्न.

बंद करायचं बटण बोटाच्या अंतरावर होतं. तिनं दाबलं नाही. डब्यावर हात ठेवला. गार होता. चालू डिस्क गरम लागते रे. हा गार होता, रात्रीच्या भुईसारखा. तरी हात काढला नाही तिनं.

बारा वाजून चार मिनिटं. दिवा गेला. डिस्क थांबली.

तिनं लॅपटॉप उघडला, डबा जोडला. चार टक्के. स्क्रीनवर फायली आल्या.

एक. दोन. तीन.

चार.

लांबी बारा मिनिटं. उघडायला गेली तर लॅपटॉपनं मान टाकली.

रत्ना म्हणाली, "काय हाये त्याच्यात?"

"माहीत नाही. सकाळी सगळ्यांबरोबरच बघू."

रात्रभर दोघी भिंतीला पाठ लावून बसल्या. खोकला परत आला नाही. सहाला लाईट आली तसा अश्विनीनं लॅपटॉप चार्जिंगला लावला. फाईल उघडून बघावी असं हजारदा वाटलं तिला. मला म्हणाली, "काका, एकटीनं बघायचा धीर नव्हता. आणि आधी बघितलं असतं तर कदाचित दाखवलंच नसतं."

आठला भावकी जमली. वीस-पंचवीस माणसं, शेजारच्या लंकाबाईसारख्या चार बायका. सावळाराम खुर्चीवर, पायावर पाय.

"दाखव तुजा पुरावा," म्हणाला.

अश्विनीनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला, लोकांकडं तोंड करून. चौथी फाईल लावली आणि स्वतः स्क्रीनच्या मागं जाऊन उभी राहिली. तिला स्क्रीन बघायची नव्हती. तिला सावळारामाचं तोंड बघायचं होतं.

आवाज आला. नदीचा, माणसांच्या कुजबुजीचा. नातवाचं लग्न करू... जेजुरीला जाऊन येऊ... मग खणखणीत, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा, "आई, रत्ना मळ्यातल्या घरातच राहील. मी तिला उठवणार न्हाई."

सावळारामाचा पाय पायावरनं खाली आला.

अश्विनी त्याच्याकडं बघत म्हणाली, "अण्णा, हा आवाज तुमचाच ना?"

त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. तिला वाटलं, खोटं उघडं पडलं म्हणून. मग तिच्या लक्षात आलं की तिथं कुणीच बोलत नव्हतं. कुणी खोकत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. दोन माणसांनी पायातल्या चपला काढल्या होत्या.

सावळाराम उठला. रत्नाकडं न बघता म्हणाला, "ऱ्हा तू. घर तुजंच हाये. भावकीसमोर सांगतो." आणि पुन्हा म्हणाला, "तुजंच हाये," पण ह्या खेपेला ते रत्नाला नव्हतं. स्क्रीनला होतं.

लंकाबाईनं हळूच विचारलं, "पोरी... कॅमेरा कुठं ठेवला व्हतास तू?"

तेव्हा अश्विनी वळून पुढं आली. फाईल अजून चालू होती.

चित्र खालनं घेतलेलं होतं. जमिनीवरनं. खालच्या कडेला पिंडाच्या भाताची शितं, ही एवढाली मोठी, आणि काळे तीळ. त्यांच्या पलीकडं माणसांचे पाय. वर जोडलेले हात. त्याच्या वर सगळी भावकी, खाली वाकून, थेट आपल्याकडं बघत असलेली.

आणि मागच्या रांगेत, डावीकडं, अश्विनी स्वतः. कॅमेरा बगलेत धरलेला, त्याच्यावर झाकण. ती घड्याळात बघत कावळ्याची वाट बघत होती.