भावोजींच्या मशीनचे पाच क्लोन

सांगते काकू, सगळं सांगते. काम तसं अगदी साधं होतं. आमच्या कचेरीला स्वतःचा खासगी क्लाउड हवा होता. म्हणजे एक दणकट सर्व्हर घ्यायचा आणि त्याच्या पोटात बरेच संगणक चालवायचे. हाताला लागत नाहीत, पण काम करतात. प्रत्येक नव्याने बांधत बसायचं नाही. एक नीट लावलेलं मशीन साचा म्हणून घ्यायचं आणि त्याचे क्लोन काढायचे. फक्त त्याआधी साच्याची ओळख पुसायची, नाहीतर प्रत्येक क्लोन स्वतःलाच मूळ समजतो.

नेमकं तेवढंच मी विसरले. साचा घेतला होता भावोजींच्या मशीनचा. भावोजी म्हणजे ताईचे यजमान आणि माझे साहेब. मागच्या उन्हाळ्यात सर्व्हर रूममध्येच बसल्याजागी गेले. त्यांच्याइतकं नेटकं मशीन कोणाचंच नव्हतं, म्हणून तेच घेतलं. पाच क्लोन सुरू केले. ती गार खोली, पंख्यांची एकसुरी घरघर, तापलेल्या प्लास्टिकचा वास... आणि पाचही ठिकाणी भावोजींचंच नाव. मी कपाळावर हात मारला आणि एकेक करत सगळे बंद केले.

लगेच ताईचा फोन. "अगं... ह्यांचा मेसेज आलाय. 'निघालो' म्हणून. पाच वेळा."

मी जीभ चावली. भावोजींनी मशीन बंद केलं की घरी आपोआप तसा निरोप जायचा. मग ती जेवण गरम करायला घ्यायची. तिला सगळं समजावून सांगितलं. "हं," एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

भावोजींना घरी पोचायला लागायचा तेवढा वेळ गेला असेल, पुन्हा तिचाच फोन.

"हे आलेत गं," ती कुजबुजली. आवाजात आनंद होता. त्या आनंदानेच मी खुर्चीतून उठले.

"ताई, कोणालाही आत घेऊ नकोस."

"घेतलं गं... बसलेत. पण..." मागे बेल वाजली. "बाहेरही हेच आहेत. चौघे. भांडत नाहीत. एकमेकांकडे बघतही नाहीत. सगळे माझ्याकडेच बघतायत..."

"आणि आतले?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ते उठलेत... आतून कडी लावतायत."

मी धावत सुटले. पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. ताई भिंतीला टेकून बसली होती आणि घरात दुसरं कोणीही नव्हतं. मधे काय झालं ते तिने आजवर सांगितलेलं नाही. मी तिला इथे माझ्याकडे घेऊन आले. काकू, मला तिच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

ते पाचही क्लोन मी पुसून टाकले, साचाही. नवा साचा माझ्या मशीनवरून केला. या वेळी ओळख पुसली. नक्की पुसली होती, पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

इथे आल्यापासून रोज संध्याकाळी मी बेल वाजवली की ताई आतून विचारायची, "तू कितवी?" मी हसून म्हणायचे, "पहिली आणि शेवटची." मग ती दार उघडायची. वेड लागलंय बिचारीला, असं मनात म्हणत मी आत जायचे.

आज कचेरीत माझ्या साच्याचा एक क्लोन बंद केला. पहिल्यांदाच. आणि नेहमीची दोन कामं उरकून घरी आले. बेल वाजवली. ताईने काही विचारलंच नाही.

"जा गं बाई," ती आतून म्हणाली. "ती मघाशीच आलीये."

दार बडवलं, हाका मारल्या, शेवटी तुमची बेल वाजवली. त्याआधी दाराला कान लावला होता, काकू. आत कोणीतरी तिला हळूच म्हणत होतं, "ताई, मी आहे ना." तो माझाच आवाज होता.

आणि ताई हसली. भावोजी गेल्यापासून पहिल्यांदा.