खिडकी पाठीमागे होती

आपण जोडलेला चित्रपट लोकांसोबत पाहायचा, तर संकलिका नेहमी शेवटच्या रांगेत बसायची. पडद्याकडे बघायचीच नाही, माणसांच्या मानांकडे बघायची. कुठे चुळबुळ होते, कुठे कोण डोळे पुसतं... त्यावरून आपलं कुठे जमलं आणि कुठे फसलं, ते तिला बरोबर कळायचं.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या नर्सबाईंवरचा माहितीपट होता. बाई सहा महिन्यांपूर्वीच गेलेल्या. पडद्यावर त्या बोलता बोलता थांबल्या, वर बघून हसल्या. लगेच खिडकी, आणि खिडकीत चिमणी. सगळं सभागृह हळवं झालं. संकलिकेच्या शेजारचा तरुण मात्र ताडकन उठला.

"खोटं आहे हे," तो म्हणाला आणि तरातरा बाहेर गेला.

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने त्याला जिन्यात गाठलं.

"काय खोटं आहे? मी जोडलाय तो चित्रपट."

"मी त्यांचा मुलगा. आईच्या खुर्चीच्या पाठीमागे होती ती खिडकी. समोर फक्त दार."

तिला तो जोड आठवला. हसू एका दिवशीचं, चिमणी दुसऱ्या दिवशीची. शेजारी ठेवली की बघणारा आपोआप त्यांचं नातं लावतो, आणि तिचा धंदाच तो होता.

पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. डॉक्टरकी अर्ध्यात सोडून तो चष्मे बनवायला लागला, तेव्हापासून आईने अबोला धरलेला. तीन वर्षांनी तो मनाचा हिय्या करून गेला, तर आत चित्रीकरण चाललेलं. दाराच्या काचेतून क्षणभर पाहिलं आणि परत फिरला.

"उद्या जाऊ, परवा जाऊ... राहूनच गेलं. त्या दिवशी आईच्या अंगावर पडद्यावरच्या त्या हसण्यात आहे तीच निळी शाल होती. ती मला बघून हसली का, एवढंच कळायला हवंय मला."

"आणि नसेल हसली तर?"

"तर नसेल. पण चिमणी नको."

अकरा तासांचं चित्रीकरण होतं, आणि ते हसू त्यात नेमकं कुठलं, हे तिला आठवेना. दुपारी दुकान बंद करून चष्मेवाला तिच्या खोलीत येऊन बसू लागला. तिसऱ्या दिवशी त्याने खिशातून तीन चष्मे काढले.

"किती डोळे बारीक करता! लावून बघा."

"गिऱ्हाईक करताय मला?"

"छे. तुम्हाला मी तरी नीट दिसावा... म्हणून."

ती लाजली, आणि दुसरा चष्मा तिने ठेवून घेतला.

चौथ्या दिवशी ते हसू सापडलं.

"आवाज?" त्याने विचारलं.

चेहरा वाचायचा तर आवाज बंद ठेवायचा, ही तिची जुनी सवय. हे हसूही तिने तसंच निवडलं होतं. तिने आवाज सुरू केला.

"अहो, माझा लेक आलाय दाराशी," आई म्हणत होती. "आत घ्या त्याला. उपाशी असेल."

"आजी, जरा इकडे बघा, अजून चालू आहे," कुणीतरी म्हणालं. आजींनी ऐकलं नाही. त्या दाराकडेच बघत राहिल्या. हसू हळूहळू मावळलं, तरी बघत राहिल्या.

तो ओंजळीत तोंड लपवून रडला.

"मी कापलं हो ते," ती म्हणाली. "ऐकलंसुद्धा नाही."

"मी तरी कुठे थांबलो होतो?"

तिने चिमणी काढली. हसू, आईचे शब्द, मग नुसतं दार... आणि ते दार कितीतरी वेळ तसंच ठेवलं. त्याने शेवटपर्यंत पाहिलं. आता त्याने इथे यायचं काही कारण उरलं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. तिला ते सोसवत नव्हतं.

दाराशी जाऊन तो वळला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"असं बघू नका ना," ती कशीबशी म्हणाली. "यापुढे काय जोडायचं, मला सुचत नाही."

"काही जोडू नका. फक्त... या वेळी मी परत जाणार नाही. आत येऊ?"

तिने चष्मा नीट केला आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"या," ती म्हणाली. "जेवलात का?"